कडवीचं कुंपण

प्लेट कोरी असती तर मुंगीला इतकं वाईट वाटलं नसतं. ती जंतूंनी काठोकाठ भरली होती, आणि दुखणं तेच होतं.

तिने ती चपटी काचेची प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. आतल्या घट्ट जेलीवर जंतूंची साय धरली होती, दुधावर धरते तशी. मधोमध कागदाची चिमुकली चकती होती, कडवीच्या पानांच्या अर्कात बुडवलेली. अर्कात दम असेल तर चकतीच्या आसपासचे जंतू मरतात आणि तिथे एक नितळ कडं दिसतं. इथे कडं सोडाच, जंतू चकतीला खेटून बसले होते. लग्नात जेवणाच्या टेबलाला पाहुणे खेटून बसतात तसे.

"आलं का काही?" मागून शंकासुराने विचारलं.

"नाही."

"परत नाही?"

"परत नाही. आणि माझ्या मानेवर श्वास सोडू नकोस, अजून एक प्लेट उघडायचीय."

शंकासुर हा प्रयोगशाळेतला सगळ्यात जुना विद्यार्थी. त्याचा प्रबंध लिहून होत आला होता, पण प्रत्येक पानावर त्याला नवी शंका यायची, म्हणून तो होतच आला होता. चहा दिला तर हा चहाच कशावरून, असं विचारणारा माणूस. मनाचा वाईट नव्हता. फक्त त्याच्यासमोर आनंद फार वेळ टिकत नसे.

मुंगीचा आनंद मात्र पहिल्या खेपेला त्याच्यासमोरही टिकला होता. कडवी म्हणजे तिच्या आत्याच्या घराभोवतीचं कुंपण. खांद्याएवढी झुडपं, पानं इतकी कडू की शेळीसुद्धा हुंगून पुढे जाते. घरात कोणाला गळू झालं की आत्या ती पानं वाटून त्याचा लेप लावायची. मुंगीच्या गुडघ्यावरही लहानपणी लावला होता. तेव्हा तिने भोकाड पसरलं होतं. मोठी झाल्यावर तिला प्रश्न पडला की यात नक्की आहे काय. एका संध्याकाळी तिने घाईघाईने पिशवीभर पानं ओरबाडली, सावलीत वाळवली, दळली, अल्कोहोलमध्ये भिजवली, गाळली. अल्कोहोल उडवल्यावर तळाशी हिरवा-काळा डिंक उरला. तो तिने गळवांतून घेतलेल्या जंतूंवर तपासला, आणि तेही अशा जंतूंवर, जे नेहमीच्या औषधांना भीक घालत नव्हते. दुसऱ्या दिवशी प्लेटवर कडं होतं. शर्टाच्या बटणाएवढं, नितळ, गोल. सगळी प्रयोगशाळा ते बघायला आली. मॅडमनी आनंदाने एका परिषदेला या कामाचा सारांश पाठवून दिला.

त्यानंतर दुसरी खेप. शून्य. तिसरी खेप. शून्य. आणि आता ही चौथी.

पहिल्या खेपेचा अर्क निरनिराळ्या जंतूंवर तपासता तपासता संपून गेला होता. हातात उरला होता फक्त एक फोटो. अर्कात काय काय आहे ते बघायला ती एका काचेच्या पट्टीवर त्याचा ठिपका देऊन पट्टी द्रावकात उभी करायची. पट्टीवर पांढऱ्या पावडरीचा पातळ थर असतो. द्रावक त्यातून वर चढू लागला की अर्कातले घटकही त्याच्याबरोबर चढतात, आणि आपापल्या वकुबाप्रमाणे वेगवेगळ्या उंचीवर दमून थांबतात, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे. मग जांभळ्या दिव्याखाली पट्टी धरायची आणि फोटो काढायचा. पहिल्या खेपेच्या पट्टीवर मध्यावर एक फिकट निळा ठिपका चमकत होता. पुढच्या एकाही खेपेत तो नव्हता. मुंगीने त्याचं नाव निळी ठेवलं होतं. घर सोडून गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं तसं ती ते मनात घ्यायची.

चौथी प्लेट बघून मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मॅडम चष्मा काढून बोलल्या की गोष्ट गंभीर असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मुंगी, पहिल्या वेळी शेजारच्या टेबलावर काय चाललं होतं, आठवतंय?"

"तुलनेसाठी अँटिबायोटिक काढून ठेवलं होतं."

"तेच. एखादा थेंब. एखादं पिपेट चुकून त्यातलं इकडे आलं असेल."

"नाही आलं."

"मुद्दाम म्हणत नाहीये मी. होतं असं. माझ्याही हातून झालंय."

"मॅडम, मी प्रत्येक वेळी पिपेटचं टोक बदलते. दोनदा बघते."

"मग कडं कुठे गेलं?"

मॅडम सावकाश म्हणाल्या, "सारांश छापायला जायचाय अजून. तोपर्यंत एकदा दाखव, फक्त एकदा, पण दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर. नाही जमलं तर तो मागे घेऊ. कारण लिहावं लागेल. नमुन्यात बाहेरचं काहीतरी मिसळलं, असं लिहू. आणि तू माझ्या तेलांच्या कामावर ये. चांगलं काम आहे ते, रुळलेलं."

मुंगी बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. बाहेरचं काहीतरी मिसळलं! सरळ मराठीत, हिच्या हातून घाण झाली. जी मुलगी घरी चहाचा कपसुद्धा तीनदा विसळते, तिच्या कामावर कायमचा हा शिक्का. तेलांचं काम वाईट नव्हतं, पण ते या शिक्क्यासकट करावं लागणार होतं.

"मग, मागे घेणार?" शंकासुराने विचारलं.

"घाण माझी असेल तर घेईन," ती म्हणाली. "आधी घाण सापडू दे."

मुंगी हे नाव तिला आत्याने उगाच दिलं नव्हतं. लहानपणी अंगणात डाळ सांडली की ही एकेक दाणा वेचत बसायची, आणि उचलून आत नेलं तरी पुन्हा तिथेच येऊन बसायची. आता तिने तसंच वेचायला घेतलं. अल्कोहोलची नवी बाटली फोडली. पट्ट्यांवरची पावडर बदलली. जंतू जुने झाले असतील म्हणून गोठवलेल्या साठ्यातले ताजे वाढवले. पानं सावलीत वाळवली, पंख्याखाली वाळवली, न वाळवता ओलीच वाटली. निळी काही येईना. शंकासुर येता-जाता एकेक शंका टाकून जायचा, आणि ती चिडली तरी ती शंका तपासून बघायची, कारण त्याच्या दहा शंकांतली एक खरी असते हा प्रयोगशाळेचा अनुभव होता.

शेवटी उरलं झाड.

आत्याच्या घराच्या मागच्या बाजूला कुंपणाचा एक तुकडा मुंगीने स्वतःच्या नावावर करून घेतला होता. पहिलं कडं दिसलं त्याच आठवड्यात तिने तिथे दोन जुन्या मच्छरदाण्या बांधल्या होत्या. कारण त्या वेळी कुंपणावर हिरव्या, पाठीवर पिवळी रेघ असलेल्या अळ्या पडल्या होत्या. ज्या झाडावर आपलं सगळं काम उभं आहे ते या खादाड बयांच्या पोटात जाणार, या विचाराने तिला झोप लागली नव्हती. रोज संध्याकाळी येऊन तिने चिमट्याने एकेक अळी उचलली होती आणि साबणाच्या पाण्यात टाकली होती. आत्या बेहद्द खूश झाली होती. "शिकल्याचा काहीतरी उपयोग झाला बाई!" असं तिने शेजारणीला ऐकवलं होतं.

आज मुंगी हातात छोट्या पाकिटांचा गठ्ठा घेऊन आली, तेव्हा आत्या मागच्या पायरीवर बसून केस वाळवत होती आणि आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, खुर्चीत पेपर वाचत होते. आतोबा एका कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. घरातल्या वीजबिलांनासुद्धा ते भोकं पाडून फाईल करत.

"आज पिशवी नाही आणलीस?" आत्याने विचारलं.

"आज एकेक पान नेणार. प्रत्येक फांदीच्या टोकाचं एक. प्रत्येकाची वेगळी पट्टी करून बघणार."

"प्रत्येकाची?" आतोबांनी पेपर खाली केला. "अगं, जनगणना करायचीय का?"

"तसंच समजा."

मच्छरदाणीत शिरून तिने पानं खुडायला सुरुवात केली. एक पान, एक पाकीट, पाकिटावर फांदीचा क्रमांक. कोवळी, जून, उन्हातली, सावलीतली, सगळी लख्ख हिरवी, कडा शाबूत. कोपऱ्यातल्या एका फांदीशी ती अडली. फांदीचं टोक मच्छरदाणीच्या फाटक्या भागातून बाहेर आलं होतं, आणि टोकाचं पान कोणीतरी खाऊन त्याची जाळी केली होती.

"ते कुरतडलेलं कशाला नेतेस?" आत्या म्हणाली. "शेजारचं घे की, चांगलं आहे."

मुंगीचा हात शेजारच्या पानाकडे गेलाही होता. पण टोकाचं पान घ्यायचं असं ठरवलं होतं. आपणच ठरवलेला नियम पहिल्या अडचणीला मोडायचा, तर मग कशाला ठरवायचा?

"टोकाचं म्हणजे टोकाचं," ती म्हणाली, आणि ती जाळी पाकिटात सरकवली.

दुसऱ्या दिवशी तिने सगळी पानं वेगवेगळी वाटली, थेंबभर अल्कोहोलमध्ये भिजवली, आणि ठिपक्यांमागे ठिपके देत पट्ट्यांची रांग लावली. मग दिवे घालवून जांभळ्या दिव्याखाली एकेक पट्टी धरू लागली. पहिली, नाही. दुसरी, नाही. अशा कितीतरी गेल्या. तिचा हात यंत्रासारखा चालला होता. आणि मग एका पट्टीवर, बरोबर मध्यावर, फिकट निळा ठिपका.

ती ओरडली नाही. तिने आधी पट्टी खाली ठेवली, हात धुतले, नवी पट्टी घेतली, त्याच अर्काचा पुन्हा ठिपका दिला. पुन्हा निळी. मगच तिने पाकिटावरचा क्रमांक बघितला.

"इकडे ये," तिने शंकासुराला हाक मारली.

त्याने पट्टी उजव्या डोळ्याने बघितली, डाव्या डोळ्याने बघितली. "कोणतं पान?"

"किडीने खाल्लेलं. एकुलतं एक."

त्याने पट्टी पुन्हा एकदा दिव्याखाली धरली. मग म्हणाला, "पहिल्या खेपेला तू कसली पानं घेतली होतीस?"

"निरोगी. लिहिलंय ना सारांशात. 'निरोगी, स्वच्छ पाने निवडून घेतली.'"

"लिहिलंय ते मी वाचलंय. घेतली होतीस का?"

मुंगीला ती संध्याकाळ आठवली. अंधार पडायला आला होता, बस चुकेल म्हणून ती दोन्ही हातांनी ओरबाडत होती, आणि घरी आल्यावर पिशवीतून दोन अळ्या बाहेर पडल्या म्हणून आई किंचाळली होती. निवड कसली नि काय! पण लिहायला बसली तेव्हा ते वाक्य आपोआप उतरलं. प्रत्येक प्रबंधात असतं, प्रत्येक लेखात असतं. पत्राच्या शेवटी 'आपला विश्वासू' लिहिताना कोणी विश्वास मोजून बघत नाही, तसं. आणि दुसऱ्या खेपेपासून तिने इमानेइतबारे स्वतःचंच ते खोटं वाक्य पाळलं होतं. अळ्या वेचल्या होत्या, मच्छरदाणी बांधली होती, डाग असलेलं पान बाजूला काढलं होतं. जितकी जास्त काळजी घेतली तितकी निळी लांब गेली.

"नव्हती घेतली," ती म्हणाली.

"हं." शंकासुराने पट्टी परत दिली. "झाडाला कीड लागली की ते आपल्या बचावाला काहीतरी तयार करतं, हे पुस्तकात आहे. पण हे झाडानेच केलंय कशावरून? अळीची लाळ असेल. अळीची विष्ठा असेल."

एरवी मुंगी भडकली असती. आज तिने वही ओढली. "बोल. सगळ्या शंका एकदाच सांग. एकूण एक तपासते."

मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि पुन्हा घातला, म्हणजे अजून दार बंद नव्हतं. "छपाईला जायच्या आत जमेल?"

"जमवते."

"मग सगळे नमुने या शंकासुराकडे द्यायचे. हा त्यांवर आपले आकडे घालेल. प्लेट तू लावायची, पण कोणता नमुना कोणता ते तुला कळता कामा नये."

"चालेल."

"चालेल काय, हवंच आहे मला," असं ती मनात म्हणाली.

पण आता हव्या होत्या अळ्या, आणि अळ्यांचा तर तिने स्वतःच्या हाताने निर्वंश केला होता. कुंपणाच्या उरलेल्या बाजूंवरही आत्याने शेजारणीच्या सल्ल्याने कसलासा फवारा मारला होता. मुंगी जाईल तिथे कडवी शोधू लागली. बसच्या खिडकीतून कुंपणं बघायची, मधेच उतरायची. दवाखान्याच्या भिंतीलगत कडवी होती, पण माळ्याने कापून गुळगुळीत केलेली. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे मात्र तिला हवं ते सापडलं. कोणी न विचारलेली कडवी, मनसोक्त वाढलेली, आणि पानोपानी पिवळ्या रेघेच्या हिरव्या अळ्या. खजिना सापडावा तशी ती हसली. मग जेवणाचा डबा रिकामा केला, झाकणाला पेनाने भोकं पाडली आणि ज्या हाताने बुडवल्या होत्या त्याच हाताने अळ्या अलगद उचलून त्यात ठेवल्या.

चूक एवढीच झाली की आत्याकडे पोचल्यावर तो डबा तिने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला आणि हात धुवायला गेली.

आत्याची किंकाळी गल्लीच्या टोकाला ऐकू गेली असेल.

"डबा घासायला घेतला मी! घासायला!" आत्या भिंतीला पाठ लावून उभी होती. "हे काय आहे?"

"अगं आत्या, झाकण लाव, पळतील."

"पळू देत! मी इथे वर्षानुवर्षं ही पीडा निपटतेय, आणि ही बाई डब्यात भरून आणते. काय करणार आहेस यांचं?"

"कुंपणावर सोडणार."

आत्याने दाराकडे बघून हाक मारली, "अहो! ऐकलंत का? तुमची भाची माझ्या कुंपणावर कीड पेरणार आहे!"

"मघाशी तुझी होती," आतोबा आतून म्हणाले, "अळ्या निघाल्या की लगेच माझी."

मुंगीने आत्याला खुर्चीवर बसवलं. सगळं सांगितलं. कडं, निळी, खाल्लेलं पान, आणि मॅडमचं ते वाक्य, बाहेरचं काहीतरी मिसळलं. आत्याने ते ऐकलं, आणि तिच्या कपाळावरची आठी दुसऱ्याच दिशेला वळली.

"म्हणजे तू गलिच्छ काम केलंस, असं म्हणाली ती?"

"तसं नाही म्हणाल्या, पण अर्थ तोच."

"आमच्या घरात गलिच्छ काम?" आत्या उठली. "चल. कुठे सोडायच्यात त्या? पण मी हात लावणार नाही. आणि पुढच्या बाजूला एक जरी आली ना, तर तिला आणि तुला एकाच बादलीत बुडवीन."

कुंपणाच्या तुकड्याचे भाग पाडले. एका भागावर मच्छरदाणी तशीच. दुसऱ्या भागातल्या काही फांद्यांवर अळ्या सोडल्या, पण प्रत्येक फांदीच्या शेंड्याला जाळीची पिशवी बांधली, म्हणजे तिथली पानं अळ्यांच्या तोंडी लागणार नाहीत. त्याच फांदीवरची, पण न खाल्लेली पानं तिला हवी होती. तिसऱ्या भागात अळ्यांशिवाय नुसती भोकं पाडायची होती. जखम झाली म्हणून झाड जागं होतं, की अळी खाते म्हणून, ते बघायला. मुंगी कात्री घेऊन विचार करत होती, इतक्यात आतोबा बाहेर आले. त्यांच्या हातात कचेरीतलं पंचिंग मशीन होतं.

"एकसारखी भोकं हवीत ना?" ते म्हणाले. "बाजूला हो. हे काम मी जन्मभर केलंय."

आणि त्यांनी कडवीच्या पानांना इतक्या तन्मयतेने भोकं पाडली, की आत्या म्हणाली, "आता दोरा ओवून फाईल करा म्हणजे झालं."

अळ्यांनी आपलं काम चोख केलं. पानांच्या जाळ्या झाल्यावर मुंगीने सगळे नमुने गोळा केले, आणि काही अळ्याही घेतल्या, त्यांची विष्ठाही. आत्याने तेवढ्या वेळापुरतं घरात जाणं पसंत केलं. प्रयोगशाळेत सारख्या वजनाचे अर्क झाले. शंकासुराने ते बंद दाराआड एकसारख्या बाटल्यांत भरले, आकडे चिकटवले, आणि कोणता आकडा कशाचा तो कागद मॅडमच्या ताब्यात दिला. मुंगीने चकत्या बुडवल्या, जंतूंवर ठेवल्या, प्लेटा उबदार पेटीत सरकवल्या. अँटिबायोटिकची बाटली त्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर ठेवली होती. पिपेटचं टोक बदलताना ती प्रत्येक वेळी मोठ्याने "बदललं" म्हणत होती, आणि शंकासुर दारात उभा राहून मान डोलावत होता.

दुसऱ्या दिवशी तिघंही पेटीसमोर जमले. मॅडमनी स्वतः प्लेटा काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. मुंगीने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, म्हणजे ते चुकूनही प्लेटांना लागायला नकोत.

काही प्लेटा सायीने गच्च होत्या. दोन ठिकाणी कडी होती. नितळ, गोल. एक मोठं, एक त्याहून जरा लहान. आणि एका ठिकाणी चकतीभोवती इतकी पुसट किनार होती, की तिला कडं म्हणणं म्हणजे तिची भलामण झाली असती.

"वाच," मॅडम शंकासुराला म्हणाल्या आणि घडी घातलेला कागद दिला.

त्याने सावकाश वाचलं. मच्छरदाणीतली पानं, काही नाही. अळ्या, काही नाही. विष्ठा, काही नाही. पंचिंग मशीनने भोकं पाडलेली पानं, ती पुसट किनार. अळ्यांनी खाल्लेली पानं, मोठं कडं.

"आणि हे दुसरं?" मॅडमनी विचारलं.

"त्याच फांदीवरची, पिशवीत बांधलेली. ज्यांना अळीचं तोंडही लागलं नाही ती." शंकासुराने कागद खाली ठेवला. "म्हणजे लाळही नाही. झाडच करतंय. एका पानाला चावलं की अख्खी फांदी सावध होते."

मॅडमनी चष्मा काढला, पण या वेळी डोळे पुसायला. "मुंगी, मी चुकले. तुझ्या हातात काही दोष नव्हता. सारांश राहू दे. जाऊ दे छापायला."

या एका वाक्यासाठी मुंगी इतकी धावली होती. ते आता समोर होतं, नुसती मान हलवायचा अवकाश. तिने मान हलवली, पण आडवी.

"नाही मॅडम. मागे घ्या."

"अगं, खरा निघालाय तो!"

"कडं खरं आहे, वाक्य खोटं आहे. मी लिहिलंय, निरोगी पाने निवडून घेतली. मी निवडली नव्हती. सवयीने लिहून टाकलं. उद्या कोणी माझ्यावर विश्वास ठेवून चांगली चांगली पानं घेईल आणि भिंतीवर डोकं आपटत बसेल. मी आपटून बघितलंय, भिंत पक्की आहे."

मॅडमना हसू आलं. "कारण काय लिहायचं? मिसळलं असं तर आता म्हणता येणार नाही."

"नमुन्याचं वर्णन चुकीचं दिलं, असं लिहा. माझ्या नावाने लिहा."

"परिषद हातची जाईल तुझी."

"जाऊ दे. निळी तर हातची जात नाही ना आता."

शंकासुर तिच्याकडे बघत होता. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण सवय नसल्यामुळे जमत नव्हतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "अर्क किती उरलाय?"

"आत्याने अजून एक बाजू दिलीय. मागची सगळी. अळ्यांना घातलीय."

काही आठवड्यांनी त्या बाजूच्या कडवीवर नुसत्या काड्या उरल्या, आणि प्रयोगशाळेत पोतंभर जाळीदार पानांचा वाटीभर डिंक झाला. मुंगीने माणसाच्या हाताएवढी लांब काचेची नळी उभी केली, तिच्यात पांढरी पावडर ठासून भरली, वर डिंकाचा थर दिला आणि वरून द्रावक सोडायला सुरुवात केली. डिंक हळूहळू फाटू लागला. आधी पिवळा पट्टा खाली उतरला, त्याच्या मागोमाग गडद हिरवा. त्या दोघांमध्ये, साध्या डोळ्यांना दिसतो न दिसतो असा एक पट्टा होता. तिने जांभळा दिवा नळीजवळ नेला. पट्टा निळा उजळला.

खाली छोट्या बाटल्यांची रांग लावून ती स्टुलावर बसली. नळीच्या टोकाशी थेंब जमत होता, फुगत होता, पडत होता. बाटली भरली की ती सरकवायची आणि दुसरी लावायची.

शंकासुर येऊन शेजारी उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला.

"त्या पट्ट्यात एकच पदार्थ आहे कशावरून?" त्याने विचारलं. "दोन असतील. चार असतील."

"असतील," मुंगी म्हणाली. तिने नजर नळीवरून काढली नाही. "स्टूल घे आणि बस. आधी खाली येऊ दे त्याला, मग एकेक वेगळा करू."

त्याने स्टूल ओढलं.